एकाच घराण्यातलं औषध

आप्पा, काल भर बैठकीत मी साहेबांना नाही म्हणाले. तुम्ही असता तर आधी माझ्यावर डाफरला असता आणि मग ओट्यावर बसून चार जणांना कौतुकानं सांगितलं असतं.

आमच्या प्रयोगशाळेत बुरशीवरच्या नव्या औषधाचं काम नऊ वर्षं चाललंय. बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या नात्यातली, तिला मारायला जावं तर माणसाचं यकृतच बिघडतं. कितीतरी रसायनं टाकून दिल्यावर हे एक हाती लागलं. क्षयानं तुमच्या छातीत केलेल्या पोकळीत जी बुरशी वाढली, सुरतच्या डॉक्टरांच्या गोळ्यांना जिनं दाद दिली नाही, तसल्या बुरशीला ते मारतं. आता कंपनी म्हणते, याचंच भावंड, म्हणजे त्याच घडणीचं दुसरं रसायन, आधी पिकांवर फवारायला विकू. रुग्ण थोडे, शेतं अफाट. म्हणजे शेतातली बुरशी त्याला सरावणार, तीच श्वासातून माणसाच्या छातीत जाणार आणि रुग्णाला औषध मिळेपर्यंत ते निकामी झालेलं असणार. तुमचंही तेच झालं. केळीवर मारायचं औषध आणि तुमची गोळी एकाच घराण्यातली होती.

"शेतकरी बेफाम फवारतात, आपण काय करणार?" साहेब म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. मला आपली शहाद्याची केळी दिसली. तोंडाला ओला रुमाल बांधून तुम्ही उभे आहात, मी झाकणानं मापून पंपात औषध ओततेय. रोग लवकर जावा म्हणून एकदा मी एक झाकण जास्त ओतलं, तर तुम्ही अख्खा पंप रिकामा करायला लावलात. "जास्तीनं पान जळस, पोरी. मापीसनच टाक."

हे सगळं मी तिथे सांगितलं. माझा बाप मापून फवारायचा, तरी गेला. त्याच्या माथी काही मारू नका. भावंड बाजारात जाणार असेल तर मंजुरीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही, मला काढायचं तर खुशाल काढा. कागद तसाच ठेवून मी बाहेर आले.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, केळीवर करपा पडी गया. कोनतं मारू?" दुसरं औषध दुकानात नव्हतं, आणि पानं गेली तर घड भरत नाहीत. मी त्याला तेच जुनं, तुमच्या गोळीच्या घराण्यातलं सांगितलं. मापून टाक, एवढंच वर म्हणाले.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण तो फोटो रोज भाऊच पुसतो, आणि तुमची गोळी का चालली नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.