वाळूनं घासलेलं फावडं

१९ एप्रिल २००४, सोमवार
पोहोचलो एकदाचा! पूर्वेच्या लाटगालेहून पार पश्चिमेच्या कुर्झेमेपर्यंत तीन बस आणि एक दुधाचा ट्रक झाला, पण खोली बघून सगळा शीण उतरला. आउस्माबाईंच्या घरात तळमजल्याला, अंगणाकडे खिडकी, खाली लाकडी फळ्या, साबणानं घासून पांढऱ्या केलेल्या. बाईंनी आल्याआल्या बर्चच्या झाडाचा गार रस पुढं केला आणि माझी बोली ऐकून विचारलं, तुम्ही पूर्वेकडचे लोक बोलता का गाता रे? उद्यापासून लाकडाच्या गिरणीत काम. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळं चुका असतील. पण आईनं वही दिलीय, भरून आण डोनात, म्हणाली. माझं बूड कुठं टिकत नाही, वही तरी टिकावी.

२२ एप्रिल
गिरणीत करवतीवर झिगिस म्हणून एक आहे. जीभ करवतीपेक्षा जास्त चालते. म्हणाला, सुट्टीच्या दिवशी इथं दारू पिऊन पडणार का आमच्याबरोबर रानात येणार? त्यांचं मंडळ आहे. धातू शोधायची यंत्रं घेऊन फिरतात, साठ वर्षांपूर्वीच्या महायुद्धात पडलेले सैनिक हुडकतात, आपला कोण, परका कोण बघत नाहीत. बटणं, बिल्ले, गंजकं लोखंड ज्यानं त्यानं मंडळाच्या खोलीत आपापल्या फळीवर ठोकून ठेवलंय. माझं नाव एका कोऱ्या फळीवर खडूनं लिहिलं. फार बरं वाटलं.

२५ एप्रिल, रविवार
मंडळाचे म्होरके ओयार्सकाका, सत्तरीचे, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. आधी त्यांनी माझं दुकानातलं नवं फावडं गुडघ्यावर दाबून बघितलं. ते वाकलंच. म्हणाले, हे केक कापायला घेतलंस काय पोरा? मग स्वतःचं जुनं दिलं, पायानं दाबायचं, कानस मारून मारून चार बोटं आखूड झालेलं. फावड्याच्या धारेवरून ते माणूस सांगतात. उजवा कोपरा झिजलेला झिगिसचा, कारण तो घाईत उजवा पाय मारतो.

नियम तीन. एकट्यानं जायचं नाही. हाड दिसलं की फावडं खाली, टोपी हातात, पुढचं काम बोटांनी आणि लाकडी पट्टीनं. आणि गळ्यातला बिल्ला हाडांपासून हलवायचा नाही. जर्मन सैनिकाचा बिल्ला मधोमध तुटतो. मेल्यावर अर्धा मोडून वर कळवायचे. अख्खा सापडला तर समजायचं, घरी कुणाला पत्ताच नाही. त्यावरचा आकडा हेच त्याचं नाव, आणि तो हलला की हाडं बेवारशी.

चर्चमागच्या उतारावर सध्या गुड्रुनबाईंच्या वडलांना शोधतायत. बाई जर्मनीहून दर मे महिन्यात येतात. त्या जन्मल्या तेव्हा वडील इथं लढाईवर होते, ते परत गेलेच नाहीत. यंदा १६ तारखेला येणार.

मला सापडली अकरा बाटल्यांची झाकणं.

२ मे
आज नऊ. झिगिसनं सगळ्यांपुढं मला झाकणसम्राट केलं, माझ्या फळीवर एक झाकण ठोकलंही. हसलो मी, पण कानशिलं तापली. हातमोज्यांची बोटं फाटली, यंत्राच्या चकतीचं कव्हर घासून पार झालं, केबल चकतीजवळ उसवली. काका म्हणाले, घरी ने, नीट करून आण. मंडळाचं यंत्र माझ्या हाती दिलं!

५ मे
लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

काम सुटल्यावर अजून चांगलं ऊन होतं. केबल जोडली होती, तिला बघतो म्हणून निघालो तो जुन्या वाळूच्या खाणीपाशी गेलो. एकटाच. हेडफोनमध्ये आधी खडखड झाली, बुटांच्या खिळ्यांची असते तशी, मग एक लांब मऊ सूर. खाली काय आहे ते मला कळायला हवं होतं. मला मंडळातली माझी फळी दिसत होती, नुसत्या झाकणाची. पाय देऊन फावडं मारलं.

माठ फुटावा तसा आवाज झाला.

कवटी होती. डोळ्याच्या वरून आरपार माझ्या फावड्याची फट. गळ्याखाली बिल्ला, अख्खा. टोपी काढायचीही सुचली नाही. काकांकडे पळत जायला हवं होतं. पण एकटा गेलो होतो, मंडळाच्या यंत्रानं, आणि वर हे. वाळू परत वर ओढून घेतली. बिल्ला खिशात टाकला.

उद्या सांगतो.

६ मे
नाही सांगितलं. बिल्ला उतारावर मोकळाच सापडला म्हणावं काय? आरशासमोर म्हणून बघितलं. माझंच मला पटलं नाही. मोज्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय.

८ मे, शनिवार
काकांनी माझं फावडं सहज हातात घेतलं आणि धारेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, चिकणमातीत धार बोथट होते पोरा, वाळूत ती आरशासारखी घासते. आपल्या उतारावर वाळू नाही. कुठं खणलंस? मी म्हणालो, आउस्माबाईंचे बटाटे लावून दिले. ते म्हणाले, बाईंची माती काळी आहे. फावडं मला परत दिलं. आपल्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा, वर डुकराची चरबी, माझ्यापुढं केला. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. 

९ मे, रविवार
बिल्ला परत ठेवायला खाणीत गेलो. सकाळचं लख्ख ऊन. खड्डा नीट उकरला, या वेळी हातांनी.

हाडं नाहीत. एक तुकडा नाही, बटण नाही, खिळा नाही. तळाशी एक बीळ. माणूस आडवा सरकेल एवढं, कडा गुळगुळीत घासलेल्या. गावाच्या दिशेनं गेलंय.

कोल्ह्याचं असेल.

१० मे
जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या आवारात यंत्र लावून बघितलं. माझ्या पायांखाली खडखड, मग तो लांब मऊ सूर. दहा पावलं सरकलो. शांत. पावाचा एक घास खाईपर्यंत शांत. मग परत खडखड, मग सूर. परत पायांखाली.

११ मे
झिगिस म्हणाला, केबल गेली, दुसरं काय? नवी घातली. मग त्यानंच यंत्र धरून एकेकाच्या पायांपाशी नेलं. सगळ्यांपाशी मुकं. माझ्यापाशी गायला लागलं. गिरणीभर हशा. झिगिस म्हणाला, सम्राटा, झाकणं सापडत नाहीत म्हणून गिळायला लागलास काय! मीही हसलो. यंत्रावरचा खोलीचा काटा मी एकट्यानंच बघितला. खाणीत तो हातभर खोल दाखवत होता. आज दीड वीत.

१३ मे
दीड वीत नाही आता. वीतभर.

आउस्माबाईंच्या वखारीमागं खणलं. काळी माती असायला हवी. पिवळी वाळू निघाली, भुसभुशीत, खालून उकरून वर ढकलल्यासारखी. फावडं आत गेलं आणि खालून कशाला तरी घासलं. काढलं तर दोन बोटं धार गायब. कोपरे शाबूत, मधलीच खाल्लेली, डोळ्याच्या खोबणीएवढी—

कानस फिरवली. 

१४ मे
ओयार्सकाका घरी आले. चहा दिला. म्हणाले, परवा गुड्रुनबाई येतील, साठीच्या झाल्या, यंदाही उतारावर फिरवून रिकाम्या हातानं पाठवायचं का त्यांना? मला विचारलं असं नाही. कपाकडे बघूनच बोलले. मग म्हणाले, फावडं चुकतं रे पोरा, माझंही एकदा चुकलंय, सांगणाऱ्याला मी कधी हाकललं नाही.

ट्रंकेपर्यंत गेलो. बिल्ला मुठीत घेतला. कवटी आठवली. काका विचारतील, ही फट कसली? गुड्रुनबाईंना ती दिसेल. तेच त्यांचे वडील असले तर पहिल्यांदा बघायचे ते असे—

परत येऊन विचारलं, साखर घालू?

१५ मे
फळ्यांच्या फटीत वाळू. झाडली. परत आली. आउस्माबाई म्हणाल्या, बूट बाहेर काढत जा रे. हो म्हणालो.

यंत्र बंद आहे. सेल काढलेत. तरी तो सूर—

१६ मे, रविवार, दुपार
गुड्रुनबाई आल्यात. अंगणात सफरचंदाखाली टेबल मांडलंय, काका आहेत, झिगिस आहे. खिडकीतून दिसतात. बारीक बाई, निळा कोट. वडलांचा फोटो दाखवतायत सगळ्यांना. आउस्माबाईंनी हाक मारली, डोनात, ये की बाहेर, केक कापतोय. आलो म्हणालो.

बिल्ला मुठीत आहे. दार दहा पावलांवर.

पलंगाखालची फळी उचलली जातेय. खिळा बोटभर वर आलाय. वाळू घोट्यापर्यंत—

झाडू फिरवला. आधी झाडू फिरवला मी. दाराला कडी घातली, कुणी बघू नये म्हणून.

दुसरा खिळा—

खालच्या त्या माणसाला बिल्लाच हवा असेल तर फळीवर ठेवतो. ठेवला. तो बिल्ल्याकडे बघतही—

हाक मारली तर दहा पावलांत सगळे येतील. काका दार फोडतील. एक हाक. तोंड उघडलंय मी. पण आले तर बघतील. निळ्या कोटवाली बाई पुढं असेल, तीच आधी वाकून बघेल, आणि तिला दिसेल, डोळ्याच्या वर, माझ्या फावड्याची ती—