मला उचलण्याची घाई करू नये

मी, उखा चिंधा बोरसे, वय चौसष्ट, धंदा पूर्वी यंत्रमागांवर लूम मास्टर व आता घरबसल्या खटपटी, मूळ तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हल्ली राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. प्यालेलो नाही, कुणी मानेवर सुरी ठेवलेली नाही. मात्र मी घाबरलेलो आहे. वकील श्रीरंगभाऊ म्हणाले, "काका, भीती मृत्युपत्रात लिहीत नसतात." पण हा कागद तिच्यामुळेच होतो आहे, तिला वगळून कसे चालेल?

कलम १. डिंडोलीचे दोन खोल्यांचे घर, बँकेतली ठेव व भांडीकुंडी हे सर्व माझी पत्नी सरलाबाई हिचे. तिच्या हयातीत चिरंजीव कुंदनने घर विकण्याचा विषयही काढू नये. त्याला कतारगामला जागा घ्यायची आहे हे मला ठाऊक आहे. फोनवर गुजरातीत बोलले म्हणजे बापाला कळत नाही असे त्याला वाटते. अरे, तुझ्या जन्माआधीपासून मी सुरतेत आहे.

कलम २. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. या एका युक्तीवर माझे पोट भरले आणि माझे सगळे शोधही तिच्यावरच उभे आहेत. पैकी पाहुणे-उठवणी दिवाण कन्या गायत्रीस द्यावा. पाहुणा फार वेळ बसला की आतला धागा ताणून तुटतो आणि पंखा बंद पडतो. सुरतेच्या उकाड्यात त्यानंतर कुणी दुसरा चहा मागत नाही.

लग्नात मंगलाष्टकांआधी पुढाऱ्यांचे सत्कार आणि भाषणे चालतात, मुहूर्त टळतो, नवरी घामाने निथळते. त्यासाठी केलेला माईक समाजाच्या मंडळास देतो. वक्ता लांबला की तो मुका होतो. मंडळ वापरणार नाही, कारण लांबणारे तेच आहेत. तरी देतो.

जिन्यात मावा खाऊन थुंकणाऱ्यांसाठी कोपऱ्यात ताणलेला कागद आणि वर पाण्याची बादली ही योजना सोसायटीने चालू ठेवावी. कागद भिजून फाटला की बादली उलटते. पहिल्याच दिवशी खुद्द चेअरमन नितीनभाई भिजले. "आ शुं छे, उखाभाई?" म्हणून माझ्यावर धावून आले. मी म्हटले, साहेब, हे तुम्हीच सांगा. तेव्हापासून आमचे बोलणे नाही, ते तसेच राहू द्यावे.

कलम ३. आता भीतीचे. गेल्या वैशाखात भर दुपारी माझी साखर एकदम उतरली आणि मी ताटावरून आडवा झालो. शेजाऱ्यांनी खाटेवर घातले. धाकटा भाऊ सुकदेव बमरोलीहून धावत आला. नाकाशी बोट धरून त्याने हंबरडा फोडला, "गया रे मना भाऊ!" मला जमिनीवर घेतले, तोंडात पाणी घातले, तुळशीचे पान ठेवले. मला सगळे ऐकू येत होते, पण हात हलत नव्हता. बाहेर हिरवे बांबू येऊन पडले. सुकदेव कुणाला तरी सांगत होता, "झटपट करा रे, दिन बुडाना पहिले निंघनं पडी."

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. प्रत्यक्षात नुसते ओठ हलत असावेत. खोलीत सगळी लूमवर राबलेली माणसे, निम्म्यांचे कान मागांनी खाल्लेले, त्यात रडारड. सरलाबाईने आमच्याच कारखान्यात बॉबिनी भरल्या आहेत. तिथल्या खडखडाटात माणसे ओठ पाहून बोलणे ओळखतात. तिची नजर माझ्या तोंडावर गेली आणि ती किंचाळली, "ह्या जित्ता शेतस! पानी मांगी ऱ्हायनात!"

दवाखान्यात सलाइन लावल्यावर मी उठून बसलो. पण तेव्हापासून अश्विनीकुमारच्या स्मशानाकडे वळणारी रिक्षा दिसली तरी मी गल्ली बदलतो. मरणाला भीत नाही असे म्हणायची पद्धत आहे. मी भितो. आणि त्याहून जास्त भितो ते पुन्हा आत जागा राहण्याला.

कलम ४. ते बांबू मी परत जाऊ दिले नाहीत. त्यांची कपडे वाळत घालायची मांडणी केली आहे, ती सुकदेवास द्यावी. रोज धोतर वाळत घालताना त्याला आठवण राहील. भाऊ वाईट नाही, उतावळा आहे.

कलम ५. दवाखान्यातून आल्यावर मी उशाशी घंटा बसवली आणि तिची दोरी बोटाला बांधली. कितीही ओढली तरी घरात कुणी उठेना. आमच्या लोकांना आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. हे मला, लूम मास्टरला, घंटा बसवल्यावर सुचले! आता खाटेखाली जुनी मोटार खडखडत असते. बोटाचा धागा तुटला की ती थांबते आणि सरलाबाई ताडकन उठते. वीज गेली तरी उठते, माझे तोंड पाहते आणि पुन्हा आडवी होते. मी गेलो असे वाटल्यास आधी धागा बांधून मोटार चालू करावी व वाट पाहावी.

कलम ६. डॉक्टरचा दाखला असला तरी सरलाबाईने माझ्या ओठांकडे पाहून "गयात" म्हटल्याशिवाय मला कुणी हात लावू नये.

हे कलम मी सरलाबाईला वाचून दाखवले. ती गिलकी चिरत होती. माझे तोंड पाहून सगळे समजल्यावर म्हणाली, "आन मी पहिले मरी गऊ ते?"

धागे, मोटारी, बादल्या, सगळे मनात फिरवून पाहिले. कशाचाही उपयोग दिसला नाही. मग श्रीरंगभाऊंना थांबवून पुढचे कलम घालायला लावले.

कलम ७. सरलाबाई माझ्याआधी गेल्यास कलम ५ व ६ रद्द समजावे. मोटार बंद करावी आणि मला लवकर न्यावे.

वाचून, समजून सही केली.

उखा चिंधा बोरसे

साक्षीदार: विकास दगडू शिरसाठ, योगेंद्र महाजन

स्थळ: डिंडोली, सुरत
दिनांक: ११ जानेवारी २०२५