ट्रंपेटवाल्याची वाटणी, शुद्धीत आणि आनंदात

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा ट्रंपेटवादन, अविवाहित, राहणार याच घरात तिसऱ्या मजल्यावर, आज रविवारी सकाळी पोटभर न्याहारी करून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मी शुद्धीत आहे, माझे मन ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. हे वाक्य सगळेच लिहितात. माझ्याकडे मात्र त्याचा दाखला आहे. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून दिलेला तो दाखला शिक्क्यासह सोबत जोडला आहे. ज्यांना माझ्या डोक्याविषयी शंका असेल, त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा, मग बोलावे.

अक्षर जरा उड्या मारते आहे, पण ते आजाराने नव्हे. आज दुपारच्या खेळाला मी पुन्हा वाजवायला बसणार आहे. पहाटेपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. समोर बसलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मग मृत्युपत्र आजच कशाला? आनंदाच्या दिवशी कुणी लिहितं का असलं?" मी म्हटले, "आजच. आज सगळ्यांना काहीतरी द्यावंसं वाटतंय."

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी थोरली बहीण करील. ती निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे कोणी आडमुठेपणा केला तर त्याला बाकावर उभे करण्याची तिला सवय आहे. ताई, हे वाचून डोळे पुसू नकोस. मला मरायची अजिबात घाई नाही. तुला हा कागद वापरायला मिळू नये, एवढा मी जगणार आहे.

कलम २. ट्रंपेटच्या तोंडात खोचून आवाज दाबायची माझी तीन बुचे आहेत, एक लाकडी आणि दोन पत्र्याची. ती तिन्ही आमच्या नाट्यगृहाच्या मॅनेजरांना द्यावीत. दुसऱ्यांचे आवाज दाबण्याची त्यांना मनापासून आवड आहे. साधने तरी चांगल्या प्रतीची असावीत.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे ही नुसती कुचेष्टा वाटू नये. रंगमंचाच्या पुढच्या कडेखाली जमिनीत एक लांबट पोकळी आहे. तिथे बसून आम्ही वादक संगीत नाटकांना साथ देतो. कागदोपत्री तिचे नाव वादककक्ष आहे, पण आम्ही तिला खड्डा म्हणतो. मला नोकरी लागल्याचे कळले तेव्हा वडील म्हणाले होते, "शेवटी गेलास ना खड्ड्यात!" वीसेक वर्षे मी तिथे बसलो. डोक्यावर फळ्या, त्यावर नाचणाऱ्यांचे पाय, डाव्या कानाला चिकटून ड्रम आणि वाऱ्याच्या नावाने शंख. सुट्टीच्या दिवशी दोन खेळ असत, आणि मधल्या वेळात तिथेच मांडीवर डबा. करार फक्त एका हंगामाचा. त्यामुळे कोणी आजारी पडतच नसे. ताप आला तर गोळी, दाढ दुखली तर लवंग. मन दुखते हे सांगायची मात्र सोयच नव्हती. त्यातून माझे वाद्य हे असे. व्हायोलिनवाला चुकला तर शेजाऱ्याला कळते, ट्रंपेटवाला चुकला तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळते. ही धास्ती घेऊन मी रोज जेवायचो आणि रोज झोपायचो. पुढे पुढे जेवण गेले, झोप गेली आणि धास्ती तेवढी राहिली.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारच्या खेळात माझी ओळ आली. मी ओठ टेकवले, छाती भरून घेतली आणि श्वास बाहेरच पडेना. हाताला घाम सुटला, कानात शिट्ट्या वाजू लागल्या. आता जीव जातो असे वाटले. माझ्या शेजारी दुसरी ट्रंपेट वाजवणारी मुलगी बसते. अंगाने एवढीशी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. तिने माझी ओळ वरच्यावर झेलली आणि पुरी केली. खेळानंतर मॅनेजर खाली डोकावून म्हणाले, "इथं नाटक करायचं नाही. नाटक वर चालतं." सगळे हसले. मीही हसलो, कारण करार संपत आला होता. तो पुन्हा झाला नाहीच. "डोकं फिरलेला माणूस आम्हाला परवडत नाही," असे त्यांनी चारचौघांत सांगितले.

तेव्हा बुचे त्यांची. तळहाताच्या फोडासारखी जपावीत.

कलम ३. वडिलांचे मनगटी घड्याळ माझ्या धाकट्या भावाला द्यावे. त्याला ते लहानपणापासून हवे होते. मी घरात पडून होतो तेव्हा तो भेटायला आला आणि म्हणाला, "दादा, वाजवायचंच तर काम! त्यात ताण कसला? आम्ही ताण घालवायला गाणी ऐकतो." त्याच्या पोटात काही नसते, फक्त ओठांवर असते. तरी एक अट घालतो. घड्याळ हाती घेण्याआधी त्याने ड्रमच्या शेजारच्या खुर्चीत बसून एक अख्खा खेळ ऐकावा. नंतर त्याला जे म्हणायचे ते म्हणावे.

कलम ४. हे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या पश्चात ताईने हयातभर वापरावे. तिच्यानंतर ते आमच्या वादक मंडळींचे. ज्याला थकवा आला असेल, मग तो अंगाचा असो की मनाचा, त्याने यावे आणि चार दिवस झोपून घ्यावे. त्याला कोणी कसरत करायला लावू नये, उपदेश तर मुळीच करू नये. सकाळी पडदे उघडावेत, एवढा एकच नियम.

पडद्यांचे सांगतो. काम गेल्यावर मी ते महिनोन्‌महिने बंद ठेवले होते. ताई रोज डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "बोलू नकोस. जेव फक्त." मग एके दिवशी मला एकदम हलके वाटू लागले. मी वस्तू देऊ लागलो. रेडिओ खालच्या शेजाऱ्यांना, पुस्तके वाचनालयाला, कोट पहारेकऱ्याला. ताईला वाटले, सुधारतोय. ट्रंपेट मी पुसून, तेल घालून चिमणीच्या घरी नेऊन दिली. पोरगी हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर धडाधड थापा. तीन मजले धावत चढून ती धापा टाकत उभी होती आणि ट्रंपेटची पेटी छातीशी धरलेली होती.

"हे घ्या परत."

"अगं, तुलाच दिलंय."

"का दिलंय?" ती आत येऊन उभीच राहिली. "खाली तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, रेडिओ दिला. पहारेकरी म्हणाला, कोट दिला. कुठं चाललाय तुम्ही, काका?"

मी पेटी तिच्याकडेच परत ढकलली.

"मी सरळच विचारते. मरायचा विचार करताय का?"

इतके दिवस सगळ्यांनी मला बरे वाटतेय का, जेवलास का, फिरून येतोस का, असेच विचारले होते. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, "हो."

त्या दिवशी डब्याऐवजी इथेच धिरडी घालायला आलेली ताई स्वयंपाकघरातून हातात उलथने घेऊन बाहेर आली. मला वाटले, आता रडारड होणार. ती माझ्या शेजारी बसली, तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आता तिघांना माहीत झालं. आता हे तुझं एकट्याचं नाही. पायात चपला घाल." त्याच पावली त्या दोघींनी मला दवाखान्यात नेले. उलथने ताईच्या हातातच होते. ते दवाखान्यात गेल्यावर लक्षात आले, आणि कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदा खराखुरा हसलो.

म्हणून ठळक लिहून ठेवतो. ती वाटणी आजाराने केली होती, म्हणून ती रद्द. आजची मी करतो आहे, म्हणून ती कायम. (कोट पहारेकऱ्याकडेच राहू द्यावा. त्याला तो माझ्यापेक्षा शोभतो.)

कलम ५. माझी शिल्लक जी काही निघेल ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला द्यावी. तिचा उपयोग वाजवणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांच्या उपचारासाठी व्हावा. त्यांच्याकडे मी गोळ्या घेतल्या, बोललो, पुन्हा बोललो. एकदा त्यांनी मला कागद दिला आणि मी बसायचो ती जागा काढायला सांगितली. चित्र बघून म्हणाल्या, "बिघाड तुमच्या मनात झालाय, तो आपण दुरुस्त करू. पण थोडा या खुर्चीतही आहे. तुम्हाला औषध मी देईन. खुर्चीला कोण देणार?"

हा प्रश्न मी चिमणीला सांगितला. चिमणीला प्रश्न सांगितला की तो गावभर होतो.

कलम ६. माझ्याकडची स्वरलिपीची सगळी पाने आमच्या वाद्यवृंदाच्या संचालकांना द्यावीत. हातातल्या काठीमुळे आम्ही त्यांना काठीवाले म्हणतो. ते उंच चौथऱ्यावर उभे राहून आम्हाला इशारे करायचे आणि वरूनच आमच्यावर रागवायचे. चिमणीने त्यांना विनंती केली, "सर, फक्त एका तालमीला काकांच्या खुर्चीत बसाल?" त्यांना ती गंमत वाटली. बसले. ड्रमवाल्याने नेहमीसारखे वाजवले, मुद्दाम जोरात नाही. पहिला प्रवेश संपायच्या आत काठीवाले पांढरेफटक होऊन वर आले. म्हणाले, "मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता. तुम्ही सूर कसा लावत होता इतकी वर्षं?" ड्रमवाला बिचारा त्यांच्याहून पांढरा पडला होता. तो त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला आणि चहाला हात न लावता बसून राहिला. मी त्याला म्हटले, "अरे, तुझ्याही कानात तूच वाजत होतास की!" तेव्हा कुठे त्याने चहा घेतला. शेजाऱ्यांनी परत आणून दिलेला माझा रेडिओ त्याला द्यावा.

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मृत्युपत्रात ती बसत नसेल तर वकीलबाईंनी डोळे मिटावेत. नाट्यगृह भरले होते. ताई मला "चल, नाटक बघू" म्हणून घेऊन गेली. बघतो तर सगळे वादक खड्ड्यात नाहीतच! बाहेरच्या दालनात, तिकिटाच्या खिडकीसमोर, वाद्ये घेऊन अर्धगोलात बसलेले. मॅनेजर लालबुंद.

"खाली उतरा!"

"तुम्ही उतरा," ड्रमवाला म्हणाला. "मी वाजवतो, तुम्ही बसा."

मागण्या काही आकाशातल्या नव्हत्या. ड्रमपुढे आडोसा हवा, खाली वारा हवा, दोन खेळांच्या मध्ये वर येऊन पाठ टेकायला खोली हवी, करार वर्षाचा हवा, आणि मनाचा आजार हाही आजार म्हणून धरावा. मॅनेजर ओरडले, "एका वेड्याच्या नादी लागून सगळेच वेडे झालात!" तेवढ्यात जिन्यावरून काठीवाले शांतपणे उतरून आले, अर्धगोलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मग मलाही धरा त्यात." त्यांनी काठी उचलली. सुरुवातीचे संगीत तिथेच सुरू झाले! लोक जिन्यावर, खांबांशी, दारात उभे. कोणी आत जाईना. त्या उघड्या दालनात आम्ही सगळे एकमेकांना ऐकू येत होतो. आम्ही म्हणजे ते. मी अजून कडेलाच होतो.

तेवढ्यात ताईने भाजीच्या पिशवीतून माझी ट्रंपेट काढली.

"तू ही आणलीस?"

"कोथिंबीर मिळाली नाही," ती म्हणाली. "आता जा."

चिमणीने सरकून जागा केली. माझी ओळ आली. पहिला सूर किंचित फाटला. आणि मग श्वास आला हो! सरळ, मोकळा, पायाच्या तळव्यापासून आला. मी वाजवत होतो आणि रडत होतो. या दोन गोष्टी ट्रंपेटवर एकत्र होत नाहीत असे शिकवतात, ते खोटे आहे. लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. नाट्यगृहाचे मालक स्वतः वरच्या कचेरीतून खाली आले, मॅनेजरांना बाजूला सारले आणि दालनातच मागण्यांवर सही करून मोकळे झाले. तो खेळ उशिरा सुरू झाला, पण काय रंगला!

आता आडोसा बसला आहे, वारा खेळतो आहे आणि माझा करार झाला आहे. आज पुन्हा फळ्यांखाली बसायचे. तिथे श्वास येईल की नाही, ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, "नाही आला तर ती ओळ चिमणी वाजवेल. तुम्ही पुढच्या ओळीला या." इतके सोपे असते, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते.

कलम ७. माझी ट्रंपेट, पेटी आणि तेलाच्या बाटलीसह, माझ्या पश्चात चिमणीला द्यावी.

हे कलम लिहीत असतानाच चिमणी आणि ड्रमवाला मला न्यायला आले. मी दोघांना शेवटची दोन कलमे वाचून दाखवली. चिमणी खुलली आणि म्हणाली, "काका, साक्षीदार म्हणून मीच सही करणार." वकीलबाईंनी चष्मा वर केला. "ज्याला काही मिळतं, त्याला साक्ष देता येत नाही. दोन्हीपैकी एक."

चिमणी क्षणभरही थांबली नाही. "मग ट्रंपेट नको."

"अगं, विचार कर," मी म्हटले. "असं वाद्य पुन्हा मिळायचं नाही."

"तुमचं मन ठिकाणावर आहे, हे मला माझ्या हातानं लिहायचंय," ती म्हणाली. "तेवढं मला द्या."

"मग रेडिओपण कॅन्सल," ड्रमवाला म्हणाला. "मीही सही करतो."

म्हणून कलम ७ आणि कलम ६ मधली रेडिओची देणगी, दोन्ही या दोघांच्या हट्टामुळे रद्द; रेडिओ ताईने ठेवावा. ट्रंपेट आमच्या वादकांच्या सामाईक कपाटात ठेवावी. ज्याचे वाद्य दुरुस्तीला गेले असेल, त्याने ती न विचारता घ्यावी.

यापूर्वी मी तोंडी किंवा मनातल्या मनात केलेली सर्व वाटणी रद्दबातल समजावी. हा माझा शेवटचा कागद असला, तरी ही शेवटची इच्छा नव्हे. इच्छा पुष्कळ आहेत, आणि त्यांतली पहिली आज दुपारी आहे.

लिहून ठेवणार: (सही) ट्रंपेटवादक

साक्षीदार पहिली: लिहून ठेवणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. त्यांचे मन ठिकाणावर आहे. सही करताना ते गुणगुणत होते, सूर बरोबर होता. (सही) दुसरी ट्रंपेटवादक, उर्फ चिमणी

साक्षीदार दुसरा: मीही पाहिले. खाली गाडी उभी आहे. (सही) ड्रमवादक

स्थळ: माझ्या घरचे जेवणाचे टेबल
दिनांक: आजचा रविवार, दुपारच्या खेळाआधी