बिशपना लिहिलेला अर्ज

प्रिय गंधाली,

चार महिन्यांनी लिहितोय. फोनवर पुन्हा माझा आवाज चढेल, म्हणून कागद घेतला. तुझी आई म्हणते, सुंभ जळला तरी ह्यांचा पीळ जळत नाही. म्हणू दे.

तू रॉयस्टनशी चर्चमध्ये लग्न करणार म्हणालीस, तेव्हा मी नको ते बोललो. धर्म बदललास तर मला बाप म्हणू नकोस, म्हणालो. बिशपच्या परवानगीने धर्म न बदलता लग्न होतं, हे तू घसा फोडून सांगत होतीस, पण ऐकतो कोण! बिशप म्हणजे वरून हुकूम सोडणारा साहेब, एवढंच माझ्या डोक्यात. आणि बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस मी, साहेब म्हटलं की अर्ज. परवा खरडलाच. ‘विषय : मुलीचे धर्मांतर न करणेबाबत.’ तीन प्रती काढल्या, वर ‘योग्य मार्गाने सादर’ लिहिलं आणि मुलुंडहून गेलो मरोळला, तुमच्या चर्चमध्ये पोच घ्यायला.

फादरांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. चहा मागवला आणि समजावलं, की चर्चचा कारभार बिशपांच्या हाती असतो त्या पद्धतीला एपिस्कोपसी म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’, म्हणजे लक्ष ठेवणारा. चर्चच्याही आधी तिकडे देखरेखीच्या कामावरच्या साध्या माणसांना तसं म्हणायचे, आणि तोच शब्द झिजत झिजत बिशप झाला. मग फाइल उघडून परवानगीचं पत्रच समोर ठेवलं. तुझं नाव, पुढे धर्म हिंदू. तू खरंच बोलत होतीस. छातीवरचा धोंडा उतरला गं! पुढच्या पिढीचं काय, तेही विचारणार होतो, पण जीभ आवरली. तुमचं तुम्ही बघा.

निघताना सहज म्हटलं, आमच्यात नवरीला मामा घेऊन येतो, इथे नंदकुमारमामाने कुठे उभं राहायचं? फादर म्हणाले, “आमच्यात वडील आणतात. पण तिने कळवलंय, ती एकटीच चालत येणार आहे.”

चुकलो, गंधाली. त्यासाठीच हे पत्र. त्या दिवशी मला तुझ्याबरोबर चालू देशील? सूटबिट जमणार नाही, झब्ब्यातच येईन. नाही म्हणालीस तर मागच्या बाकावर बसेन, पण येणार.

तुझाच,
हट्टी बाबा