लांब आट्यांचे प्लग

३ फेब्रु., सोम. सांगली.
सकाळी साताऱ्याहून निघालो. कराडपर्यंत ठीक. पेठनाक्याच्या अलीकडे गाडी धक्के द्यायला लागली आणि बंद पडली. अर्धा तास रस्त्याच्या कडेला. मग रखडत सांगली. लेक फाटकात उभी. अनघाने माझ्याकडे नाही, बॉनेटकडे पाहिलं. "बाबा, आता हिला निवृत्त करा. तुम्ही झालात ना?"
निवृत्त कुठला, दर शनिवारी सदर द्यावंच लागतं. आणि गाडी मालतीची. ती जाऊन सहा वर्षं झाली. चालवतो मी, पण अजून तिचीच वाटते.

४ फेब्रु., मंगळ.
अनघाच्या ओळखीचे शंकर मिस्त्री. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरींवर पाण्याचा फवारा मारला, लगेच अडखळलं. वायरी तडकल्यात, करंट वाटेतच सांडतोय म्हणाले. ते अपेक्षित होतं. मग एक प्लग काढला, भोकात काडी घालून खोली मोजली, आणि काडी प्लगशेजारी धरून पाहिली.
"काका, ह्यो प्लग कुणी घातला?"
मी डॅशमधलं गाडीचं पुस्तक काढून नंबर दाखवला. अगदी तोच आहे म्हणालो.
"पुस्तक बराबर हाय. पर ह्ये हेड, इंजनाचं वरचं झाकान, पुस्तकातलं न्हाई. बदलल्यालं हाय. ह्याला लांब आट्याचा प्लग लागतोय. आखूड घातला की ठिणगी आत बिळातच पडती. गाडी वडंल कशी?"
मी पुस्तक मिटलं.

तोच दिवस, दुपार.
तीन दुकानं फिरलो. वायरींच्या दोन जाती: तांब्याच्या आणि कार्बनच्या. तांब्याच्या टिकतात, पण रेडिओ खरखरतो. एरवी यावर मी अर्धा तास घासाघीस केली असती. तयार संच आणला तर तिसऱ्या सिलिंडरची वायर दोन बोटं आखूड. हेडच वेगळं, तर पोचेल कशी. शंकर मिस्त्रींनी भंगारातली एक वायर लावून दिली, साताऱ्यापर्यंत पोचण्यापुरती. लांब प्लग घालून द्या म्हटलं तर हात जोडले. आखूड प्लगखालच्या रिकाम्या आट्यांत चार वर्षांची काजळी बसली आहे. आटे गेले तर हेड गेलं. "ज्यानं ह्ये हेड बसवलं त्येच्याकडंच न्या. त्येला ठाव आसंल."
ज्याने बसवलं त्याच्याकडे. बरोबर.

५ फेब्रु., बुध.
काल लिहायचं टाळलं, आज लिहितो.
रज्जाकभाई. जुन्या स्टँडामागे गॅरेज, आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर, मध्ये फक्त रस्ता. वीस वर्षं ही गाडी त्यांच्याच हातात. आधी मालती न्यायची. ती गेल्यावर मी न्यायला लागलो आणि चार वर्षांपूर्वी पहिल्यांदाच पुस्तक उघडून पाहिलं. त्यांनी घातलेल्या प्लगचा नंबर पुस्तकाशी जुळेना. झालं. मी दुसऱ्या गॅरेजात पुस्तकाप्रमाणे प्लग बदलून घेतले आणि त्या आठवड्याचं सदर लिहिलं: गिऱ्हाइकाला गाडीतलं कळत नाही म्हणून मिस्त्री मिळेल तो माल कसा माथी मारतात. नाव घातलं नाही. "स्टँडामागचे एक अनुभवी हात" असं लिहिलं. त्या वाक्यावर खूश होतो, हेही आठवतं. गावाला नाव लावायला एक सकाळ पुरली.
नव्या पोरांना आयुष्यभर एकच शिकवलं, समोरच्याची बाजू विचारल्याशिवाय ओळ छापायला सोडायची नाही. इथे समोरचा खरोखर समोर होता. पण माझ्याकडे छापील पुस्तक होतं ना.

६ फेब्रु., गुरु. सातारा.
गाडी कशीबशी आणली. टेबलाचा खालचा खण. त्यांचे ते तीन लांब प्लग पाकिटात आहेत. पाकिटावर माझ्या अक्षरात: पुरावा.
दुपारी मालतीची गाडीची फाइल काढली. र. भाईंची एक पद्धत होती. कुठलाही भाग मूळचा सोडून दुसरा बसवला की खोक्याच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून द्यायचे आणि डॅशमध्ये ठेवायला सांगायचे, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी बॉनेट उघडलं तर तो फसू नये. डॅशमधला पसारा मीच आवरला होता. ती गेल्यानंतर. पुठ्ठे न वाचता फाइलमध्ये कोंबले होते.
सापडला. "इंजन गरम होऊन हेड तडकलं. पुढच्या मॉडेलचं बसवलं. प्लग लांब आट्याचेच घालणे. ३ नंबर वायर लांब कापणे."
खाली मालतीचं अक्षर: ह्यांना सांगितलं आहे.
सांगितलं असणार. मी हूं म्हटलं असणार. पान छपाईला सुटायची वेळ असणार. माझी नेहमी तीच वेळ असे.

७ फेब्रु., शुक्र.
गेलो. कुलूप. शुक्रवार, नमाजाची वेळ, हे लक्षात यायला हवं होतं. शेजारचा चहावाला म्हणाला, आता तसंही एकटेच असतात, दोन्ही कारागीर सोडून गेले, कामच कमी झालं. "तुमचं ते छापून आलं तवापासनं," असं सहज म्हणाला आणि कप विसळायला लागला. थांबलो नाही.

८ फेब्रु., शनि.
सदराचा दिवस. खुलासा लिहायला बसलो. 'गैरसमज झाला' लिहिलं, खोडलं. 'अनवधानाने' खोडलं. शेवटी: त्या मिस्त्रींचं बरोबर होतं, मी विचारलं नाही. पाच ओळी. बाराशे शब्दांचं सदर मी दीड तासात देत आलो. या पाच ओळींना सकाळ गेली. पाठवल्या नाहीत. आधी त्यांना दाखवायच्या.

१० फेब्रु., सोम.
ते होते. दाढी पूर्ण पांढरी. बॉनेट मीच उघडलं, प्लगचं पाकीट आणि पुठ्ठा बॅटरीवर ठेवला. जे बोलायचं ते बोललो, फार नीट नाही. पूर्वी मला भाऊ म्हणायचे.
"बसा, साहेब."
पुठ्ठा हातात घेतला. खालचं अक्षर ओळखलं. "वैनींनी जपून ठेवलं."
मग पहिला प्लग फिरवत, माझ्याकडे न बघता: "येवढा रस्ता वलांडून इचारायला यायचं हुतं. मी काय न्हाई म्हनलो आसतो व्हय?"
मी कागद पुढे केला. चष्मा घरी राहिला म्हणाले. मी वाचू का विचारलं. "नगं." घडी घालून खिशात ठेवला. उद्या छापायला देऊ का, म्हटलं. "लोक आत्ता कुठं इसरल्यात. बगू."
खुलासा कुणासाठी असतो, असा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता.
पहिला निघाला. आटे साफ करून लांब प्लग बसला. दुसराही. वायरी तांब्याच्याच घेतल्या. मला विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तिसरीचं माप त्यांनी बोटांनी घेतलं आणि कापली.
तिसरा प्लग हलेना. जोर लावला नाही. कडेने तेल सोडून पाना खाली ठेवला.
"ह्याला घाई केली की हेड जातंय. भिजू द्या."
किती वेळ लागेल?
"सांगता येत न्हाई, साहेब."
गाडी तिथेच सोडून चालत घरी आलो.

११ फेब्रु., मंगळ.
सकाळी दहाला जाऊन आलो. बॉनेट उघडंच. तिसरा अजून आत. त्यांनी पुन्हा तेल सोडलं. काल घातला होता तोच सदरा अंगात, खिशात कागदाची घडी तशीच. आज चष्मा होता डोळ्यांवर.
मी स्टुलावर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी दोन चहा सांगितले.