दोनशे चौदा हव

बेसा, नागपूर
गुरुवार, १२ मार्च २०२६

आदरणीय मामाजींना भावनाचा सप्रेम जय भीम.

मामींनाही माझा जय भीम सांगा. आम्ही इकडे ठीक आहोत. ऊन आत्ताच चटके देऊ लागलं आहे. समोर नवी बिल्डिंग उठते आहे, तिची धूळ आईच्या पापडांवर बसते आणि आई रोज सकाळी बिल्डरच्या माणसाशी भांडते. त्यामुळे तिची तब्येत उत्तम आहे.

तुमचा खोकला कसा आहे? हे पत्राच्या रीतीप्रमाणे विचारत नाही, खरंच विचारते आहे.

हातात फोन असताना ही पोरगी पत्र काय लिहिते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा तुम्ही मध्ये मध्ये "हव, हव" म्हणत गेलात आणि मी घाबरून आईच्या गुडघेदुखीवर आले. मामी तुम्हाला नेहमी टोकतात ना, "मी काय म्हणून राहिली, ऐकून राहिले का?" तुम्ही म्हणता, "हव." त्या म्हणतात, "मंग सांगा, काय म्हटलं मी?" आणि तुम्ही म्हणता, "तेच त!" लहानपणी आम्ही भावंडं या "तेच त"वर पोट धरून हसायचो. आता मला हसू येत नाही, कारण तुमच्या "हव"वर माझ्या पीएचडीचं तिसरं प्रकरण उभं आहे.

आमचं संशोधन चार खात्यांचं मिळून आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मेडिकलवाले फुप्फुस पाहतात, कॉम्प्युटरवाले आवाज, मॅनेजमेंटवाले गिऱ्हाईक आणि आम्ही कायदेवाले कागद. सुताच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाच्या नुसत्या खोकल्यावरून त्याचं दुखणं आधीच ओळखायचं, असा बेत होता. बेत चांगलाच होता. म्हणून तर मी बुटीबोरीला, तुमच्या विहारात आले. तीन रविवार वंदनेनंतर बसून दोनशे चौदा जणांचे खोकले गोळा केले. प्रत्येकाला चार पानांचा संमतीचा कागद वाचून दाखवला आणि त्याचं उत्तर आवाजातच रेकॉर्ड केलं. आमच्या नियमात तोंडी होकार चालतो. माझ्या प्रकरणात मी मोठ्या दिमाखात लिहिलं आहे, "नागपूरकडे 'हव' म्हणजे 'हो'." पुष्पलता मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, हे वाक्य फार आवडलं होतं.

दोनशे चौदा माणसं, दोनशे चौदा हव. एकही नकार नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नागपुरात दोनशे माणसांचं सावजीच्या तिखटावरही एकमत होत नाही.

आता मुद्द्याचं. कागदातला शेवटचा प्रश्न असा होता: तुमचा आवाज आणि नाव बाहेरच्या कंपनीला दिलं तर चालेल का? ती कंपनी आता ठरली आहे. कारखान्यांना ठेक्यावर माणसं पुरवणारी कंपनी आहे. तुम्हालाही तीच पुरवते, मामाजी. सोमवारी, सोळा तारखेला दुपारी तीन वाजता रामदासपेठेतल्या ऑफिसात बैठक आहे. तिथे आम्ही त्यांना नावांची यादी देणार. यादीत प्रत्येक नावापुढे खोकल्यावरून ठरवलेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग आहे. एक एप्रिलला तुमचे ठेके नवे होतात. लाल नावांना काढून कोणी टाकणार नाही. त्यांना फक्त बोलावणं येणार नाही.

तुमचं नाव लाल आहे.

हे लिहायला मला चार दिवस लागले. मशीन चुकतं, आमच्या कॉम्प्युटरवाल्या पियूषने मला शपथेवर सांगितलं आहे. तरीही तुम्ही छातीच्या डॉक्टरांना दाखवाच. मी सोबत येईन.

आणखी एक गोष्ट आहे. मागच्या आठवड्यात मी तुमचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. अकरा मिनिटं आहे. त्यात तुम्ही सदतीस वेळा हव म्हणता. पहिलं हव तर मी "मामाजी, बसा" म्हटल्यावरच येतं. शेवटचा प्रश्न मी वाचते, आणि मी वाचून थांबते ना थांबते तोच मागून मामींचा आवाज येतो, "चाय मांडू काय?" तुम्ही म्हणता, "हव."

मशीनने ते हव उचललं आणि होकाराच्या रकान्यात टाकलं. रकाना तपासून त्यावर बरोबरची खूण करायचं काम माझं होतं. मी केली.

आत्ता मागच्या आठवड्यात कळलं, असं मॅडमना सांगून मला मोकळं होता येईल. पण तुम्हाला खोटं कशी लिहू? मला त्याच दिवशी, तिथेच बसून कळलं होतं. पुन्हा विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. बाहेर रांग होती, गाडीवाला घाई करत होता, आणि मनात आलं, मामाजी काय, आपलेच आहेत.

मॅडमपाशी काल विषय काढून पाहिला. त्या म्हणाल्या, "हव म्हणजे हो, भावना. तूच लिहिलं आहेस." आता मागे फिरलं तर दोन वर्षांचं काम आणि फेलोशिप, दोन्ही जाईल. तेव्हापासून मला जेवण जात नाही. आई विचारते, मी उन्हावर ढकलते.

म्हणून एक मार्ग काढला आहे. तुम्ही एका ओळीचा नकार लिहून द्या. तेवढं तुमचं नाव मी यादीतून काढते, कोणी विचारणारही नाही. बाकीच्यांचं हव स्पष्ट ऐकू येतं, त्यात चहा नाही. आई उद्या तुमच्याकडे येते आहे, पत्र तिच्याच हाती देते. रविवारी ती परत निघेल तेव्हा उत्तर तिच्याजवळ द्या. फोन मात्र करू नका, मामाजी. फोनवर तुम्ही हव म्हणाल आणि मला कळणार नाही.

तुमच्या आवाजावर खूण करणारी,
तुमचीच
भावना


बुटीबोरी
रविवार, १५ मार्च

प्रिय भावनाले मामाचा जय भीम.

तुहं पत्र भेटलं. मी दोनदा वाचलं. मामीनं एकदाच वाचलं. मले तुह्यासारखं लिहिता येत नाही, बोलतो तसंच लिहून राहिलो.

चायचं हव चायलेच होतं. मले पक्कं आठवते, कारण चाय आलीच नाही. विहारातला गॅस सरला होता. म्हणजे परवानगी गेली, अन् चायही नाही भेटली.

लाल रंगाचं तू काही मनाले लावून घेऊ नको. दोन जिने चढलो का मले कळते, त्याले मशीन कायले पाहिजे? डॉक्टरकडे यीन. मामीनं बॅग भरून ठेवली आहे.

पण माहं एकट्याचं नाव काढू नको.

तू म्हणतं, बाकीच्याईच्या हवमध्ये चाय नाही. पोरी, त्यात मी आहो. तू येण्याच्या आधी मी विहारात उभं राहून सांगितलं होतं का आपली भाची आहे, घरातली पहिली एवढी शिकलेली पोरगी आहे, ते जे विचारन त्याले हव म्हणा. तुहा कागद कोणीच ऐकला नाही. कवडू त झोपून गेला होता, त्याले मी कोपरानं उठवलं, तवा तो हव म्हणाला. ते हव तुले नव्हतं. ते मले होतं. मंग माह्या एकट्याचं नाव निघालं अन् कवडूले एप्रिलमध्ये बोलावणं नाही आलं, त मी विहारात कोणत्या तोंडानं बसू?

आज वंदना झाल्यावर मी पुन्हा उभा राहिलो. तुहं पत्र नाही वाचलं. ते तुहं माहं आहे. शेवटचा प्रश्न तेवढा वाचला अन् म्हटलं, आता समजून सांगा. मंग शोभाताई म्हणाली, "काहून द्याचं नाव आपलं कोणाले?" तिनं पहिला अंगठा देला. एकशे एकोणतीस जणाईनं नाही म्हणून सह्या-अंगठे केले, कागद तुह्या आईजवळ देतो. काही जण म्हणाले देऊ द्या, आम्हाले काही होत नाही. त्याईचं त्याईच्यापाशी. बाकीचे आज भेटले नाही, त्याईच्या घरी मी आता जाऊन राहिलो. ज्यानं दोनशे घरचं हव आणलं त्यालेच ते वापस न्या लागते.

तुह्या दोन वर्षांचं मले वाईट वाटते. खोटं नाही सांगत, शोभाताईच्या अंगठ्यावर शाई लावताना मले वाटलं, भाचीचं शिक्षण मीच पुसून राहिलो. पण तू मले लिहिलंच नसतं, त मले कळलं नसतं. तू लिहिलं. म्हणजे तुले आधीच माहीत होतं का काय करा लागते.

उद्या मी सुट्टी टाकली आहे. तीन वाजता रामदासपेठेत येतो. तुह्या मॅडम मले समजावून सांगतील, गोड बोलतील, कागद दाखवतील. मले नाही म्हणाले लय जड जाते, जिंदगीभर कोणाले म्हटलं नाही. समोरचा बोलून राहिला का आपसूक हव निघते तोंडातून. म्हणून तू माह्या बाजूले उभी राहा. तिकडून नाही, माह्याकडून.

राहशीन का? हव म्हणू नको. मोबाईलवर लिहून पाठव.

तुहा मामा
देवराव
(सही मीच केली आहे, समजून-उमजून)