जिन्यातली हाक

सोमवार
चि. नातीस आजीचा आशीर्वाद.
वि. वि. दवाखान्यातून डब्यात तुझी चिठ्ठी आली, पण भाजीही तशीच परत आली. अन्नावर रुसलीस म्हणून डॉक्टर लवकर सोडणार आहेत का? बाळासाठी तू पाठवलेली नावं जिन्यात उभी राहून खाली ओरडून पाहिली. आपल्या घरात नाव असंच ठरतं, हाकेला टिकेल ते. पहिल्याला मलाच धाप लागली. दुसऱ्याला खालच्या शिंप्यानं वर बघून विचारलं, आजी, कुठं दुखतंय का? तिसरं बरं वाटलं, तर नातजावई म्हणतात तेही तू खोडलंस, कुणा मुलीचं आधीच आहे म्हणून. बाई गं, कुणाचंच नसलेलं नाव हवंय, की नावच ठेवायचं नाहीये? खरं ते कळव.
तुझी आजी

मंगळवार
ती. आजीस सा. न.
तुझ्यापुढे काही लपत नाही. बाळ अजून काचेच्या पेटीतच आहे. डॉक्टरीणबाई वजन बघतात आणि उद्या बोलू म्हणतात. नाव ठेवलं आणि ती राहिलीच नाही, तर ते नाव घेऊन मी काय करू? म्हणून आणखी वेगळं, आणखी वेगळं असं शोधत बसते. बसवत नाही, निजवत नाही. यांना सांगू नकोस. लोभ कमी करू नकोस.
तुझी नात

बुधवार
चि. नातीस आ.
वाचलं. माझ्याकडे औषध नाही. पण त्या पोरीला कुणी काही म्हणून तरी बोलवायला नको? तोवर ढब्बी म्हण. मूठभर आहे म्हणूनच. असलं नाव तुझ्या त्या नावांच्या पुस्तकात नाही, आणि जपून ठेवावं असंही नाही, तेव्हा भ्यायचं कारण नाही. भाजी खा.
आजी

रविवार
ती. आजीस सा. न.
आधी लाज वाटली. आता नर्सही ढब्बीच म्हणतात. आज वजन वाढलं, तिला पेटीतून काढून माझ्या अंगावर ठेवलं. नाव ते तिसरंच ठेवू, असेना आणखी कुणाचं. जीव अजून थाऱ्यावर नाही. पुन्हा एकदा हाक मारून बघशील?
तुझी नात

सोमवार
चि. नातीस आ.
मारली. तिसऱ्या नावाला कुणी ढुंकून बघितलं नाही. मग ढब्बी म्हणून ओरडले, तर सगळा जिना दारात. कोण ढब्बी, कुणाची, कधी येणार? येतेय म्हणून सांगून बसलेय. आता मला खोटं पाडू नका.
लोभ डब्यात भरलाय, डबा रिकामा करून पाठव.
आजी